पार्श्वभूमी : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणि सवडीने परतणारा खेळाडू

२३ नोव्हेंबर २००४ रोजी उत्तर अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमने आता विशी ओलांडली आहे. ‘ब्लिझर्ड’ या कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तोवर या खेळात १० कोटींहून अधिक खाती उघडली गेली होती, आणि त्याच खेळाच्या ऐन भरातही एका वेळी पैसे भरून खेळणाऱ्यांची संख्या १ कोटी २० लाखांच्या आसपास होती. म्हणजे या खेळाच्या भोवती माजी खेळाडूंचा जो समुदाय आहे तो चालू खेळाडूंच्या कित्येक पट मोठा आहे. कॉलेजात असताना रात्री जागवलेली ही मंडळी आता नोकरी-संसारात आहेत. त्यांच्यातला कोणी परत येतो तो आठवड्यातून दोन-तीनदा, जेवणे उरकल्यावर तासभर खेळण्यासाठी. अशा माणसाला आज खेळात जे दिसते ते गेल्या वीस वर्षांतल्या निर्णयांतून घडलेले आहे. खेळ सवडीच्या माणसासाठी सोपा होत गेला, ही त्या निर्णयांची सर्वपरिचित बाजू झाली. मात्र जवळजवळ प्रत्येक सोय करताना दुसऱ्या माणसावाचून अडण्याचे एकेक कारण काढून टाकले गेले, आणि परतणाऱ्याला जे हरवल्यासारखे वाटते त्याचे मूळ बहुतांशी तिथेच आहे.

सवडीच्या खेळाडूचा विचार या खेळात मागाहून आला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९९९ मध्ये आलेल्या आणि त्या काळी या प्रकारात अग्रेसर असलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये पात्र मेले की कमावलेले अनुभवगुण जात, अंगावरचे सामान प्रेतापाशी राही आणि ते आणायला त्याच धोक्याच्या जागी पुन्हा जावे लागे, एकट्याने फारशी मजल मारणे बहुतेक पात्रांना शक्य नव्हते. कॅलिफोर्नियातील अर्वाइन येथे ‘वॉरक्राफ्ट’ची मांडणी करणाऱ्यांनी यातली बरीच शिक्षा काढून टाकली आणि गावोगावच्या पात्रांकडून मिळणाऱ्या कामगिऱ्यांची, म्हणजे क्वेस्टची, अशी साखळी विणली की एकटा माणूसही सावकाश ६०व्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च, लेव्हलपर्यंत पोहोचू शकेल.

याच काळातला विश्रांतीच्या गुणांचा किस्सा इथे सांगण्याजोगा आहे. फार वेळ सलग खेळणाऱ्याला थकवा यावा आणि त्याचे अनुभवगुण निम्म्यावर यावेत, अशी मूळ योजना होती. चाचणीच्या काळात खेळाडूंना ती दंडासारखी वाटली आणि त्यांनी कुरकुर केली. तेव्हा मांडणी उलटी करण्यात आली : नेहमीचा दर तोच ‘सामान्य’ ठरला आणि विश्रांती घेतलेल्या पात्राला राक्षस मारल्यावर दुप्पट गुण मिळू लागले. हिशेब जवळपास तोच राहिला, तक्रार मात्र थांबली. पात्राला खानावळीत किंवा राजधानीत नेऊन लॉग-आउट केले की दर आठ तासांना लेव्हलच्या ५ टक्क्यांइतकी विश्रांती जमा होते. ती साठत साठत दीड लेव्हलपर्यंत जाते, म्हणजे दहा दिवस खेळाकडे न फिरकणाऱ्याची ओंजळ पूर्ण भरते. रोज बारा तास बसणाऱ्याला या योजनेचा लाभ नगण्य. सवडीच्या माणसासाठी बांधलेली ही पहिली सोय, आणि माझ्या मते सर्वांत निर्दोषही हीच, कारण तिने कोणालाही एकमेकांपासून तोडले नाही.

अडचण ६०व्या लेव्हलनंतर सुरू होत असे. पुढचा खरा खेळ म्हणजे ‘रेड’, मोठ्या टोळीने करायची चढाई. आणि ‘मोल्टन कोअर’सारख्या पहिल्या चढायांना चाळीस माणसे लागत. चाळीस जणांना ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी, चार तासांसाठी एकत्र आणायचे तर कोणाला तरी हजेरीपट ठेवावा लागतो, आणि गिल्डे म्हणजे खेळाडूंचे संघ ते अक्षरशः ठेवत असत. लूट कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी ‘डीकेपी’ ही हजेरीवर गुण देणारी पद्धत ‘एव्हरक्वेस्ट’कडून आलेली होतीच. हजेरी कमी तर गुण कमी, गुण कमी तर शस्त्र नाही, आणि शस्त्र नाही तर पुढच्या चढाईत जागा नाही. जून २००६ मध्ये आलेली ‘नॅक्सरामस’ ही त्या पर्वातली शेवटची मोठी चढाई इतकी अवघड होती की पैसे भरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तिचा शेवट पाहिला. कंपनीच्या दृष्टीने हे परवडणारे नव्हते, आणि त्यात तिची चूक काढता येत नाही. महिनोन्महिने खपून बांधलेला वाडा मूठभर पाहुण्यांनी पाहावा हे कोणत्याही मालकाला सलणारच.

म्हणून २००७ च्या ‘बर्निंग क्रूसेड’ या खेळाच्या पुढच्या पर्वात चढायांचा आकार पंचविसावर आणि दहावर आला. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’मध्ये प्रत्येक चढाई दोन्ही आकारांत करता येऊ लागली, आणि तीच ‘नॅक्सरामस’ सोपी करून पुन्हा सर्वांपुढे ठेवली गेली. खरा पालट मात्र डिसेंबर २००९ मधल्या ‘डंजन फाइंडर’ या सोबती जुळवून देणाऱ्या सोयीने झाला, आणि परतणाऱ्या खेळाडूला ‘तेव्हाची’ आणि ‘आताची’ अशी जी दोन जगे जाणवतात त्यांची सीमारेषा मी इथेच ओढेन.

त्याआधी पाच जणांचे एक साधे डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या बंदिस्त जागेतली छोटी मोहीम, करायची, तर स्टॉर्मविंडसारख्या राजधानीत उभे राहून चॅटमध्ये हाकाटी करावी लागे. मार झेलणारा टँक मिळाला तर जखमा भरून काढणारा हीलर मिळत नसे, आणि हीलर मिळेपर्यंत टँकला घरून हाक आलेली असे. शेवटी पाच जण जमले की एल्विनचे रान ओलांडून, वेस्टफॉलच्या पिवळ्या शेतांतून ‘डेडमाइन्स’च्या तोंडाशी चालत जायचे, पुढच्या काळात दोघांनी आधी पोहोचून तिथल्या शिळेपाशी बाकीच्यांना बोलावून घेण्याची सोय झाली. यात तास सहज मोडे. पण सर्व्हर एकच असल्याने तोच हीलर पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटे, आणि कोणी लूट ढापून पळाला तर त्याचे नाव चार दिवसांत सगळीकडे होई. ‘डंजन फाइंडर’ने एक कळ दाबताच वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे चार अनोळखी लोक जोडून दिले, सर्वांना थेट आत नेऊन सोडले आणि काम संपताच जिथल्या तिथे परत ठेवले. तासाचे काम वीस-पंचवीस मिनिटांत होऊ लागले, आणि त्या वेळात ‘नमस्कार’ही न म्हणता पाच जण येऊन जाऊ लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘रेड फाइंडर’ आला तेव्हा हाच न्याय पंचवीस जणांच्या चढाईला लागू झाला, आणि हजेरीपटाशिवाय गोष्टीचा शेवट पाहणे कोणालाही शक्य झाले.

भारतातून खेळणाऱ्यांना या सोयीचे मोल जरा वेगळेच होते. या खेळाचा सर्व्हर भारतात कधी उभा राहिला नाही. पुण्या-मुंबईहून युरोपच्या सर्व्हरवर खेळायचे तर पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा, उशीर सोसावा लागे आणि महिन्याचे शुल्क परकी चलनात भरावे लागे. त्याहून मोठी अडचण घड्याळाची होती. युरोपातल्या गिल्डने हिवाळ्यात संध्याकाळी आठची चढाई ठेवली की आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असत, आणि चढाई संपेपर्यंत पहाट होई. विद्यार्थीदशेत हे जमून गेले. सकाळी कामावर जाणाऱ्याला ते जमणारे नव्हते. ‘रेड फाइंडर’ने खेळाची वीण उसवली असे म्हणणाऱ्यांत मीही आहे, पण ती वीण ज्यांच्या हाताला कधी लागलीच नव्हती त्यांनी ते दुःख का मानावे, हाही प्रश्न रास्त आहे.

डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या ‘कॅटॅक्लिझम’ने मूळ भूभागच पालटून टाकला, ओळखीची गावे, रस्ते आणि जुन्या क्वेस्ट गेल्या. त्याच सुमारास शुल्क भरणाऱ्यांची संख्या शिखरावर होती आणि तिथून ती उतरू लागली. त्यापुढच्या काळात कंपनीचे लक्ष नव्या खेळाडूंइतकेच, किंबहुना जास्तच, जुन्यांना परत आणण्याकडे वळलेले दिसते. नोव्हेंबर २०१४ मधल्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’सोबत एक पात्र तत्काळ ९०व्या लेव्हलवर नेण्याची मुभा मिळाली, म्हणजे मधल्या वर्षांचा अनुशेष एका क्लिकमध्ये भरून निघाला. माणसे आलीही : शुल्क भरणाऱ्यांची संख्या १ कोटीच्या वर गेली. पण मार्च २०१५ अखेर ती सुमारे ७१ लाखांवर आणि जूनअखेर ५६ लाखांवर आली, आणि त्याच वर्षी कंपनीने हे आकडे जाहीर करणेच थांबवले. या गळतीची कारणे अनेक होती. त्यातले एक असे की या पर्वात प्रत्येकाला स्वतःची गढी मिळाली होती. तिथेच खाण, तिथेच बाग, तिथेच कारागीर. खेळाडू आपापल्या गढीत बसून राहिले आणि राजधान्या ओस पडल्या. सवडीच्या माणसाला दारातच सगळे आणून द्यायचे, या विचाराची ती परिसीमा होती, आणि ज्याच्यासाठी ती केली तोच चार-सहा महिन्यांत उठून गेला.

दरम्यान, काही खेळाडूंनी २००६ च्या सुमाराचा खेळ खासगी सर्व्हरांवर परवानगीविना जिवंत ठेवला होता. २०१३ च्या ब्लिझकॉन या कंपनीच्या मेळाव्यात अधिकृत जुन्या सर्व्हरची विचारणा झाली तेव्हा कंपनीचे जे. ॲलन ब्रॅक यांनी, ते आपल्याला हवे आहे असे तुम्हाला वाटते, पण खरे तर ते तुम्हाला नको आहे, अशा आशयाचे उत्तर दिले होते. एप्रिल २०१६ मध्ये ‘नॉस्टॅलरियस’ हा मोठा खासगी सर्व्हर कायदेशीर नोटिशीनंतर बंद झाला. त्यावर दोन लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन कंपनीपर्यंत पोहोचले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच मेळाव्यात ‘क्लासिक’ची, म्हणजे अधिकृत जुन्या सर्व्हरवरच्या मूळ खेळाची, घोषणा झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सुरू झाले तेव्हा लॉग-इनसाठी तासन्‌तास रांगा लागल्या. मूळ खेळात ‘मोल्टन कोअर’चा स्वामी रॅग्नारोस पहिल्यांदा पडायला पाच महिने लागले होते; ‘क्लासिक’मध्ये तो आठवड्याच्या आत पडला. खेळ तोच होता, पण खेळाडूंपाशी पंधरा वर्षांची माहिती होती, आणि २००५ चे अज्ञान कोणताही सर्व्हर परत देऊ शकत नव्हता. तरीही जी गोष्ट परत मिळाली ती खरी होती : रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला मदत मागावी लागत होती, आणि तो थांबत होता.

आधुनिक खेळाने दुसरीच वाट धरली. २०१८ पासून जुनी पर्वे वेगळी विकत घेण्याची गरज संपली आणि ती मासिक शुल्कातच मिळू लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्व लेव्हल आक्रसून १२०ची ५० करण्यात आली. आज कोणी दहा-बारा वर्षांनी लॉग-इन केले तर पात्र जिथे सोडले तिथेच उभे असते, पण लेव्हलचा आकडा घटलेला असतो, कौशल्यांच्या पट्टीत रद्द झालेल्या मंत्रांच्या जागा रिकाम्या असतात, आणि शिकारी पात्राच्या पिशवीत ते बाण पडलेले असतात ज्यांची गरज २०१० मध्येच संपली. गिल्डची यादी उघडली की नावे तीच, आणि प्रत्येकासमोर शेवटच्या हजेरीला किती वर्षे झाली त्याचा आकडा. एकेकाळी ४०व्या लेव्हलला सुमारे १०० सुवर्णमुद्रा जमवून घ्यावा लागणारा घोडा आता १०व्या लेव्हललाच मिळतो. जानेवारी २०२४ पासून काही डंजने संगणकाने चालवलेल्या सोबत्यांना घेऊन करता येतात. ऑगस्ट २०२४ मधल्या ‘द वॉर विदिन’ने ‘डेल्व्ह’ आणले, ज्यांत एकट्याने, ब्रान ब्राँझबीअर्ड या बुटक्या साथीदारासोबत, पंधरा-वीस मिनिटांत काम उरकता येते आणि आठवड्याच्या बक्षिसाच्या पेटीतही त्याची गणना होते. जेवणानंतरच्या तासात बसेल असा हा खेळ आहे, तो उत्तम बांधलेला आहे, आणि आठवडाभर कोणाशी एक शब्द न बोलता तो खेळता येतो.

सोय आणि सोबत हे दोन विचार एकदा उघडपणे समोरासमोर आले. २०२२ मध्ये ‘रॅथ’चे क्लासिक रूप जाहीर करताना कंपनीने ‘डंजन फाइंडर’ मुद्दाम वगळला, आणि खेळाडूंमधले संबंध टिकावेत हे कारणही सांगितले. खेळाडूंतून तेव्हाच विरोध झाला. उशिरा आलेल्यांना आणि खालच्या लेव्हलवर असणाऱ्यांना पाच जण जमवणे दुरापास्त होऊ लागले, आणि आठवणींच्या ओढीने आलेल्यांतही रोज तासभर हाकाटी करायला वेळ असलेले फारसे नव्हते. जून २०२३ मध्ये ती कळ ‘क्लासिक’मध्येही बसवण्यात आली.