रस्ता लांबला, वेळ वाचला

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच उलटी केली. तोवर ते पश्चिमेला, अटलांटिक ओलांडून जायचं. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. आता ते पूर्वेला, पॅसिफिकवरून निघालं. अंतर सुमारे 15,300 किलोमीटर. रस्ता 1,400 किलोमीटरने वाढला आणि प्रवास जवळपास दोन तास आधी आटोपला. साडेचौदा तासांत विमान खाली.

हे कळलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून.’ पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं, तर पुण्यावर हेलिकॉप्टर तासभर अधांतरी ठेवून आपण फुकटात ओमानच्या किनाऱ्याजवळ पोचलो असतो.

खरी करामत वाऱ्याची. जमिनीपासून साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा उबदार, ध्रुवाकडची गार; या तफावतीमुळे वरच्या थरांत दाबाचा फरक पडतो, आणि ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो असा आडवळणाने. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत. जगाला कळावं म्हणून! साहजिकच फारसा कुणी वाचला नाही.

प्रवासी विमान हवेच्या तुलनेत ताशी साधारण 900 किलोमीटर वेगाने जातं. जमिनीच्या तुलनेतला वेग वाऱ्यावर ठरतो. साडेचौदा तासांत 900 च्या वेगाने जेमतेम 13,000 किलोमीटर होतात. पॅसिफिकवरचे उरलेले 2,300 किलोमीटर वाऱ्याने खांद्यावरून नेले म्हणायचे. फेब्रुवारी 2020 मध्ये अटलांटिकवर वादळ असताना एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आतच पोचलं होतं.

वारा नसता तरी नकाशा फसवतोच. भिंतीवरच्या नकाशात मुंबई–न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, सहारा अशी जाते. सुमारे 14,200 किलोमीटर. तोच दोरा पृथ्वीगोलावर ताणून धरा. तो मध्य आशिया, रशिया करत थेट आइसलँडवर चढतो आणि भरतो 12,500 किलोमीटर. सपाट कागदावर उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून जवळची वाट वळसा वाटते.

प्रत्यक्षात तीही वाट जशीच्या तशी मिळत नाही. पाकिस्तानने 2019 मध्ये काही महिने आणि एप्रिल 2025 पासून पुन्हा भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि वळसे आले. शिवाय मुंबईहून पश्चिमेला जाताना वारा बहुतेक समोरून. 12,500 भागिले 900 म्हणजे चौदा तास, हे गणित शाळेत बरोबर. वेळापत्रकात त्याचे सोळाच्या आसपास होतात. परतताना तोच वारा पाठीशी येतो.

पॅसिफिकवरून जाताना आणखी एक गंमत होते. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. दिल्लीहून पहाटे अडीचला निघालेलं विमान साडेचौदा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरतं, तेव्हा तिथे त्याच तारखेचे पहाटेचे साडेतीन-साडेचार वाजलेले असतात.