महिला मंडळे, बडोदे : वारसा आणि सभासद-परंपरा

बडोद्यातील (वडोदरा) मराठी स्त्रियांनी समाजकार्यासाठी चालवलेल्या संस्था, त्यांच्या जुन्या कार्यकर्त्यांचे स्मरण जपण्याची रीत आणि नव्या सभासद जोडून घेण्याची पद्धत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत मराठी वस्ती पूर्वीपासून आहे, आणि मंडळांची मुळेही तिथलीच.

या कामाला पाठबळ मिळाले ते सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांच्या राज्यात. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, मुलींसाठीसुद्धा. मात्र शाळेचे वय उलटून गेलेल्या, विशेषतः विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांच्या पोटापाण्याचा प्रश्न शाळेने सुटणारा नव्हता. दुसऱ्या महाराणी चिमणाबाई (सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी, देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई, विवाह १८८५) यांनी तो हाती घेतला. परदेशांत स्त्रियांना कोणकोणते व्यवसाय खुले आहेत याची पाहणी करून त्यांनी एस. एम. मित्र यांच्यासह १९११ मध्ये इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झाले. घरातले शिवण, भरतकाम आणि स्वयंपाक हेच मिळकतीचे साधन करायचे, ही त्यामागची दृष्टी. तिचे मोल आजही कमी झालेले नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. रावपुऱ्याचा चिमणाबाई टॉवर (१८९६) आणि न्यायमंदिर यांना नाव आहे ते सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, पहिल्या चिमणाबाईंचे. त्या १८८५ मध्येच वारल्या होत्या. उद्योगालय दुसऱ्या चिमणाबाईंचे. भाषणांतून दोघींची गल्लत होते तेव्हा एकीचे आयुष्यभराचे काम दुसरीच्या खात्यावर पडते. नव्या सभासदाला हा फरक पहिल्या दिवशीच सांगायला हवा.

अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरले. अध्यक्षस्थानी दुसऱ्या चिमणाबाई होत्या. पुढे बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसा मेहता १९४५-४६ मध्ये त्याच परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात (१९४८) ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व मानव’ हा शब्दप्रयोग आला तो त्यांच्या आग्रहाने. त्या गुजराती होत्या. स्त्रियांचे हे काम बडोद्यात भाषेच्या कुंपणात कधी अडकले नाही, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

स्मरणाची रीत साधी असते. वर्धापनदिनी संस्थापिकेच्या तसबिरीला हार, सर्वांत ज्येष्ठ सभासदाची खणा-नारळाने ओटी किंवा शाल, अहवालवाचन, मग अल्पोपाहार. खरा वारसा मात्र कपाटात असतो : इतिवृत्ताच्या वह्या, सभासदांची नोंदवही, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत आणि समूहछायाचित्रे. फोटोखाली नावे असलीच तर ‘सौ.’पुढे आडनाव एवढेच. कोणाची सासू, कोणाची जाऊ, हे ओळखणारी एखादी आजीच उरलेली असते. तिच्याशेजारी बसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नाव विचारावे आणि फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. पेनची शाई पुढल्या बाजूला उमटते. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. ओळखणारीच राहिली नाही तर फोटो मुका होतो.

सभासद पूर्वी घरातूनच मिळत. सासू सुनेला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेऊन येई, वाण हातात पडे आणि चैत्रगौरीच्या डाळ-पन्ह्यापर्यंत सून कार्यकारिणीच्या कामाला लागलेली असे. आता मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेरगावी जातात, सुना नोकरी करतात, कित्येकींची मातृभाषा गुजराती असते. दुपारी तीनची सभा त्यांच्यासाठी नाहीच. सभा रविवारी सकाळी घेणे, बोलणे दोन्ही भाषांत ठेवणे आणि हळदीकुंकवात विधवा, अविवाहित अशा सर्वांना सारखा मान देणे, हे बदल केल्यावाचून गत्यंतर नाही. शेवटचा बदल तर फार आधी व्हायला हवा होता.

आजीव सभासदत्वाची अडचण वेगळी. कधीकाळी भरलेल्या छोट्या रकमेच्या व्याजात आज टपालखर्चही निघत नाही, आणि दिवंगतांची नावे यादीतून वेळेवर काढली नाहीत तर गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती) होणे कठीण जाते. मग सभा तहकूब करून अर्ध्या तासाने पुन्हा भरवायची. न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० गुजरातमध्येही लागू झाला. त्यानुसार विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांच्या आत चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयाला कळवावे लागते. ते राहून गेले की कागदोपत्री कारभार हयात नसलेल्या बायकांच्या नावावर चालू राहतो आणि बँकेत सही कोणाची, इथे घोडे अडते.

नवी सभासद टिकते ती जबाबदारी मिळाल्यावर. तिला सतरंज्या घालायला आणि चहा द्यायलाच बोलावले, तर तिसऱ्या सभेला ती येत नाही. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचा हिशेब, भाजणीच्या दळणापासून पैसे वसूल होईपर्यंत, एका वर्षासाठी पूर्णपणे तिच्याकडे सोपवावा; जुन्या खजिनदारबाईंनी शेजारी बसावे, वही मात्र नवीच्या हातात असावी. वर्ष संपले की कपाटाची किल्लीही तिच्याकडेच द्यावी.