लुक्वाटा: व्हिक्टोरिया सरोवरातल्या जलचराची पार्श्वभूमी

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरचे, म्हणजे युगांडातले, बगांडा लोक या पाण्याला नालुबाले म्हणतात. इथल्या लोककथांत लुक्वाटा नावाचा प्रचंड जलचर आहे. मगरींशी त्याचं जुनं वैर. दोघांची झुंज झाली की लुक्वाटाच्या अंगाचे तुकडे पाण्यावर तरंगत येतात, आणि ज्याच्या हाती ते लागतात तो ताईतासारखे जपून ठेवतो, असं सांगतात.

कागदावर हा प्राणी आला तो इंग्रज अधिकाऱ्यांमुळे. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले सर क्लेमेंट हिल १९०० च्या सुमारास लाँचमधून सरोवराकाठच्या होमा डोंगराजवळून जात होते. नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावर, बसलेल्या माणसाला एका जनावराने पकडायचा प्रयत्न केला, असं त्यांनी सांगितलं. पुढे सी. डब्ल्यू. हॉब्ली या अधिकाऱ्याने पूर्व आफ्रिकेतल्या अशा हकिकती गोळा करून लेख लिहिला. तेव्हापासून लुक्वाटाची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: हा नेमका कोणता प्राणी? अजगर म्हणावं, की दोन मीटरपर्यंत वाढणारा फुप्फुसमासा?

मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. सरोवर सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचं, वादळं अचानक उठणारी, आणि बगांडांच्या लांब होड्या फळ्यांना फळ्या वनस्पतींच्या तंतूंनी शिवून केलेल्या. पुढे निघालेल्या नाळेच्या टोकाला हरणाची शिंगं आणि पिसं बांधलेली असत. अशा होडीतून मगरी-पाणघोड्यांच्या पाण्यात उतरणाऱ्यांना भय काय असतं ते चांगलं माहीत होतं. त्यांच्यासाठी सरोवर हे देवाचं राज्य होतं. त्या देवाचं नाव मुकासा, ठाणं सेसे बेटांपैकी बुबेंबेवर. वादळ, मासळी, सुखरूप प्रवास, सगळं त्याच्या हाती. फुप्फुसमासा तर बगांडांच्या एका मोठ्या कुळाचं कुलचिन्ह. त्या कुळाचे लोक तो खात नाहीत, आणि त्याच कुळाचा प्रमुख, गाबुंगा, राजाच्या आरमाराचा अधिपती असे.

लुक्वाटाच्या कथा या श्रद्धेच्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात. या देवाचा दरारा किती होता, हे १८७९ च्या अखेरीस दिसलं. बगांडांचा राजा मुतेसा आजारी होता आणि मुकासा ज्याच्या अंगात येतो त्याला दरबारी आणायचं ठरत होतं. मिशनरी अलेक्झांडर मॅके यांनी कडाडून विरोध केला. सरदारांनी तो मानला नाही. ख्रिस्ती आणि इस्लाम दोन्ही धर्म बाजूला सारून त्यांनी आपल्या देवांचीच बाजू घेतली.