‘मुलगे उशिराच बोलतात’ : खुलासा

‘याचा बाबाही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला, आता बघा कसा थांबत नाही!’ हे घरोघरी ऐकू येतं. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, हे खरं. पण फरक एक-दोन महिन्यांचा, दीड वर्षाचा नव्हे.

वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, टाटा करत नसेल. 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांचं होऊनही ‘दूदू दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, लगेच दाखवा.

आधी कानांची तपासणी, ‘बेरा’ (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे यंत्राने पाहणारी चाचणी). टाळी वाजवून वळतो म्हणजे ऐकू येतं, असं नाही. काही आवाज ऐकू येतात, काही नाही. जिभेला वेखंड चोळून यातलं काहीच कळत नाही. (घरात दोन भाषा असल्याने बोलणं लांबतं, हीदेखील थापच.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. संशय असेल तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवतात, तिथली तपासणी मोफत असते.