उतरणाऱ्या पावलाचा जिना

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ३६व्या रस्त्याचं भुयारी रेल्वे स्थानक आहे. तिथल्या एका जिन्याची छोटी चित्रफीत २०१२ साली जगभर पाहिली गेली. तीत माणसांमागून माणसं एकाच पायरीवर अडखळतात. वय, उंची, घाई, कशाचाच संबंध नाही. पायरी मात्र तीच. ती बाकीच्या पायऱ्यांपेक्षा उंच होती, पण फरक इंचभरही नव्हता. चित्रफीत पसरल्यावर तो जिना बंद करून दुरुस्त केला गेला.

जिन्यावर पडलेल्या माणसाला आपण ‘लक्ष कुठे होतं?’ असं विचारतो. हा प्रश्न अन्यायाचा आहे, कारण पायरीवर सतत लक्ष ठेवून कोणीच चालत नाही. नजर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर असते. तेवढ्यात शरीर उंचीचा अंदाज घेतं आणि पुढे तीच हालचाल जशीच्या तशी करत राहतं. सपाट जमिनीवर पुढे येणारं पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वरून जातं. जिन्यावरही ते गरजेपुरतंच उचललं जातं. त्यामुळे मधलीच एखादी पायरी थोडी उंच निघाली की बूट कडेला लागतो, आणि उतरताना ती थोडी खोल निघाली की पाय हवेत पडतो. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत जास्तीत जास्त ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटर फरक चालतो. नकाशावर सगळ्या पायऱ्या सारख्याच काढलेल्या असतात, मग फरक येतो कुठून?

बहुतेक वेळा लादीतून. समजा, काँक्रीटचा जिना ओतताना प्रत्येक पायरीची उंची, म्हणजे रायझर, १६७ मिलिमीटर ठेवली. नंतर पायऱ्यांवर मसाला आणि दगड मिळून ४० मिलिमीटरचा थर आला, पण खालच्या आणि वरच्या खोल्यांत लादीखाली भराव जास्त असल्याने तिथे ७० मिलिमीटर आला. मधल्या सगळ्या पायऱ्या १६७च राहतात, कारण प्रत्येकीवर सारखाच थर चढलेला असतो. पहिल्या पायरीपुढची जमीन मात्र ७० वर आली आणि पायरी स्वतः ४०नेच वाढली, म्हणून पहिला रायझर १३७ उरतो. शेवटी उलटं होतं: वरची जमीन ७० वर गेली आणि तिच्या खालची पायरी ४०, म्हणून शेवटचा रायझर १९७. एकाच जिन्यात १३७ आणि १९७! ९.५ मिलिमीटरच्या मर्यादेपुढे हा फरक ६० मिलिमीटरचा झाला. काम वाईट झालेलं नसतं, लादी सुरेख बसलेली असते. चूक झाली ती मोजणी काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत केल्याने.

उपाय शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावण्याआधीचा आहे. खालच्या तयार जमिनीपासून वरच्या तयार जमिनीपर्यंतचं अंतर धरायचं, त्याला रायझरच्या संख्येने भागायचं, प्रत्येक तयार पायरीची पातळी भिंतीवर रेघ मारून दाखवायची आणि त्या रेघेतून थराची जाडी वजा करून काँक्रीटची पातळी काढायची. वरच्या उदाहरणात पहिला रायझर काँक्रीटमध्ये १९७ आणि शेवटचा १३७ ओतावा लागेल. गवंड्याला हे विचित्र वाटतं, म्हणून कारण सांगून करून घ्यावं. पुढे कधी खोलीत जुन्या लादीवर नवी लादी बसवताना तोच घोटाळा परत होतो: २० मिलिमीटरची लादी वर चढली की जिन्याच्या त्या टोकाचा रायझर तेवढ्याने बदललाच.

तयार जिना तपासायची एक सोपी रीत आहे. वरच्या टोकाला उभं राहून, कठडा धरून हळूहळू वाका आणि नजर पायऱ्यांच्या कडांना समांतर आणा. सगळ्या कडा एकाच तिरक्या रेषेत मिळायला हव्यात. एखादी कड रेषेच्या वर डोकावली किंवा खाली दडली, तर टेप घेऊन ती पायरी मोजा.

आता मापांकडे. पॅरिसच्या राजेशाही वास्तुकला अकादमीचे पहिले प्रमुख फ्रांस्वा ब्लाँडेल यांनी सतराव्या शतकात मांडलेलं एक सूत्र आजही सगळीकडे वापरलं जातं. सपाटीवरचं माणसाचं पाऊल २४ फ्रेंच इंच, म्हणजे साधारण ६५ सेंटिमीटर, असं त्यांनी धरलं, आणि वर चढायला आडवं जाण्याच्या दुप्पट कष्ट पडतात असं मानलं. म्हणून दोन रायझर आणि पाऊल टेकायची एक रुंदी, म्हणजे एक ट्रेड, यांची बेरीज पावलाच्या लांबीइतकी असावी. आज बहुतेक आराखड्यांत ती ६० ते ६५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात.

सूत्र सुंदर आहे, पण त्याच्या भरवशावर वाईट जिनाही बांधता येतो. तीन मीटर उंचीचा मजला घ्या. १८ रायझर केले तर प्रत्येकी १६७ मिलिमीटर. ट्रेड २९० ठेवला तर बेरीज ६२४. ट्रेड रायझरपेक्षा एक कमी, कारण शेवटचं पाऊल वरच्या मजल्यावरच पडतं. म्हणजे १७ ट्रेड, जिन्याची लांबी ४.९३ मीटर, चढ सुमारे ३० अंश. आता जागा वाचवायची म्हणून १४च रायझर करा: प्रत्येकी २१४, ट्रेड २२०, बेरीज ६४८. सूत्रात तोही नीट बसतो! लांबी २.८६ मीटर, म्हणजे दोन मीटरहून अधिक जागा वाचली. चढ मात्र ४४ अंश झाला आणि उतरणाऱ्याच्या पायाखालची ७ सेंटिमीटर जागा गेली.

तीच ७ सेंटिमीटर महत्त्वाची. चढताना शरीर पुढे झुकलेलं असतं, पुढचं अर्धं पाऊल टेकलं तरी भागतं, टाच बाहेर राहिली तरी चालते. अडखळलंच तर माणूस समोरच्या पायऱ्यांवर हात टेकतो. उतरताना सगळं बदलतं. आधी पावलाचा पुढचा भाग टेकतो, मग टाच खाली येते, आणि मागच्या गुडघ्याला सगळं वजन सावरत हळूहळू खाली सोडावं लागतं. कृत्रिम गुडघ्यात मापक बसवून घेतलेल्या नोंदींनुसार सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. मोठ्या माणसाचा बूट २८ ते ३० सेंटिमीटर लांब असतो. तो २२ सेंटिमीटरच्या पायरीवर ठेवला तर टाच मागे टेकवूनही पुढचा भाग ६ ते ८ सेंटिमीटर अधांतरी राहतो. म्हणून अरुंद जिन्यावर माणसं पाय तिरके टाकत उतरतात. पाऊल कडेवरून सुटलं तर पुढे टेकायला काहीच नसतं, खाली सगळा जिना असतो.

म्हणून क्रम असा असावा असं माझं ठाम मत आहे: आधी ट्रेड ठरवा, तो २८० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, मग रायझर १७५च्या आसपास किंवा कमी ठेवा, सूत्र शेवटी पडताळणीपुरतं. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींसाठी किमान ट्रेड ११ इंच आणि कमाल रायझर ७ इंच असा नियम आहे, तो याच विचाराचा. जागा खरोखर नसेल तर पायरीची कड २५ मिलिमीटर पुढे काढून ट्रेड थोडा वाढवता येतो. ती त्याहून फार पुढे काढली की चढताना बोटं खाली अडकतात. कडेची खालची बाजू तिरकी घासून घेतली तर हा त्रास कमी होतो.

उतरणाऱ्याला कड दिसणंही तितकंच गरजेचं आहे. वरून पाहताना एकाच रंगाच्या, ठिपकेदार, चकचकीत दगडाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात, आणि दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या चष्म्यातून खालचा भाग मुळातच धूसर दिसतो. सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची, वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी लावावी. ती अगदी कडेला हवी. कडेपासून मागे सरकवून लावलेली पट्टी फसवते, कारण डोळा पट्टीलाच कड समजतो. दिवा उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये आणि बटणं दोन्ही टोकांना असावीत.

कठड्याची वरची दांडी हा जिन्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग. ती पडणाऱ्याला थांबवण्यासाठी आहे, आणि त्यासाठी बोटांनी पूर्ण वेढता आली पाहिजे: गोल, ३२ ते ५० मिलिमीटर व्यासाची, भिंतीपासून किमान ३८ मिलिमीटर सुटी, पायरीच्या कडेपासून ८६५ ते ९६५ मिलिमीटर उंच. रुंद, सपाट लाकडी फळी दिसायला भारदस्त असते, पण ती फक्त चिमटीत धरता येते आणि घसरत्या शरीराचं वजन चिमटीत पेलत नाही. दांडी शेवटच्या पायरीच्या आधीच संपवणं ही तर नेहमीची चूक. ती सुमारे ३० सेंटिमीटर पुढे न्यावी, म्हणजे जिना संपल्याचं आधी हाताला कळतं.

जुना, अरुंद जिना पाडता येत नसेल तेव्हा दांडी, पट्टी आणि उजेड हे तिन्ही लगेच करता येतं, आणि दोन्ही बाजूंना दांडी लावली तर आणखी चांगलं. खोल्यांच्या मध्येच असलेली एकटी पायरी मात्र काढूनच टाकावी; ती जिन्यासारखी दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी शरीर तयारच होत नाही. १५० मिलिमीटरच्या फरकासाठी १:१२ चढाचा उतार केला तर त्याला १.८ मीटर लांबी पुरते.