हरित वर्गीकरणाचे प्रशिक्षण: यादीपासून पुराव्यापर्यंत

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या बँक शाखेत काजू कारखान्याचा कर्जप्रस्ताव आला की अधिकारी तारण, उलाढाल आणि परतफेडीची कुवत तपासतो. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. या रकमेतला किती भाग पर्यावरणपूरक कामाला जाणार, आणि ते कशाच्या आधारावर म्हणायचे? कोणते काम पर्यावरणपूरक, हे निकष लावून ठरवणे म्हणजे हरित वर्गीकरण. ते शिकवणारे प्रशिक्षण आज बँकर, सनदी लेखापाल आणि पर्यावरण सल्लागार घेतात. वर्गीकरणाचे नियम जसजसे बदलले, तसतसे शिकण्याचे कामही बदलत गेले.

युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने २००७ मध्ये हवामानाशी जोडलेला पहिला रोखा काढला आणि २००८ मध्ये जागतिक बँकेचा हरित रोखा, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीच पैसा उभारणारा कर्जरोखा, आला. जागतिक बँकेच्या रोख्यासाठी कोणते प्रकल्प पात्र, हे बँकेनेच ठरवले आणि ऑस्लोच्या ‘सिसेरो’ या हवामान संशोधन संस्थेने त्या निकषांवर स्वतंत्र मत दिले. २०१५ मध्ये चीनने हरित रोख्यांसाठी पात्र प्रकल्पांची अधिकृत सूची काढली. तीत ‘स्वच्छ कोळसा’ही होता. २०२१ च्या आवृत्तीत तो वगळला गेला. नुसती यादी पाठ करून भागत नाही, हे यातून दिसले. यादी करणाऱ्याचा हेतू बदलला की कालचे पात्र कर्ज आज अपात्र ठरते.

भारतात येस बँकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,००० कोटी रुपयांचा देशातला पहिला हरित रोखा काढला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नवीकरणीय ऊर्जेला अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांना कर्जाचा ठरावीक हिस्सा जिथे द्यावाच लागतो त्या क्षेत्रांत, घेतले. प्रकल्पाला १५ कोटींची आणि घरगुती कर्जदाराला १० लाखांची मर्यादा होती. प्रकल्पाची मर्यादा २०२० मध्ये ३० कोटी आणि २०२५ मध्ये ३५ कोटी झाली. शाखेतल्या माणसाच्या दृष्टीने हे काम कर्ज योग्य सदरात नोंदवण्याचे होते. सौर पॅनलचे कोटेशन जोडले, सदर निवडले, काम संपले.

खरा फरक युरोपीय संघाच्या २०२० च्या हरित वर्गीकरण नियमाने पडला. तो २२ जून २०२० रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याने सहा पर्यावरणीय उद्दिष्टे मांडली: हवामानबदल रोखणे, त्याच्याशी जुळवून घेणे, पाणी व सागरी संपत्ती, चक्रीय अर्थव्यवस्था, प्रदूषण नियंत्रण आणि जैवविविधता. एका उद्दिष्टाला भरीव हातभार, उरलेल्या पाचांना लक्षणीय हानी नाही, कामगार व मानवी हक्कांचे किमान संरक्षण आणि तांत्रिक निकषांची पूर्तता, या चारही अटी पाळाव्या लागतात. तपासणी कंपनीची नसते, एकेका आर्थिक कृतीची असते. निकषांत आकडे आले. वीजनिर्मितीसाठी अनेक ठिकाणी मर्यादा आहे ती संपूर्ण जीवनचक्रात प्रतियुनिट १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची. तेव्हापासून या विषयाचा शिकाऊ मोजमाप शिकू लागला.

कोकणात याचे धडे घराशेजारीच सापडतात. कोयनेची १,९६० मेगावॉट जलविद्युत घ्या. पोफळीला वीज करून सोडलेले पाणी वाशिष्ठीत उतरते. रिझर्व्ह बँकेच्या हरित ठेवींच्या (ज्यांचा पैसा पर्यावरणपूरक कामांनाच द्यायचा अशा ठेवींच्या) चौकटीत २५ मेगावॉटवरचा जलविद्युत प्रकल्प बसत नाही. युरोपात मेगावॉटची अशी मर्यादा नाही. जलाशयाच्या दर चौरस मीटरमागे ५ वॉटपेक्षा जास्त क्षमता आहे का, किंवा १०० ग्रॅमची मर्यादा पाळली जाते का, हे पाहतात. जैतापूरच्या प्रस्तावित अणुप्रकल्पाचेही तेच. युरोपने जानेवारी २०२३ पासून अणुऊर्जेला अटींसह जागा दिली, आपल्या हरित ठेवींतून ती वगळलेली आहे. म्हणून प्रस्ताव कोणत्या चौकटीत तपासायचा, हे पहिल्या पानावर लिहायला शिकवले पाहिजे. दोन चौकटींचे निकष एका टिपणीत मिसळले की पुढची सगळी पडताळणी निरुपयोगी होते.

हरित ठेवींची ही चौकट रिझर्व्ह बँकेने ११ एप्रिल २०२३ रोजी जाहीर केली आणि १ जूनपासून लागू केली. ठेवींचा पैसा कुठे गेला याची दरवर्षी त्रयस्थ पडताळणी तीत बंधनकारक आहे, त्यामुळे बँकांना प्रशिक्षित माणसांची गरज खरोखर भासू लागली. पण ती अनुसूचित वाणिज्य बँका, लघु वित्त बँका आणि ठेवी घेणाऱ्या बिगर-बँकिंग वित्तसंस्थांसाठी आहे. ग्रामीण बँका तीत नाहीत, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही नाहीत. आंबा, काजू, मासेमारीची छोटी कर्जे देणारा माणूस त्यामुळे या प्रशिक्षणाच्या बाहेरच राहिला. आम्हाला ही सर्वांत मोठी उणीव वाटते.

आता काजू कारखान्याकडे वळू. समजा कर्ज ५० लाखांचे आहे: छतावरचा २० किलोवॉट सौर संच १२ लाख, टरफलांवर चालणारा बॉयलर ८ लाख, उरलेले ३० लाख सोलणी-प्रतवारीच्या यंत्रांना. शिकाऊ अधिकारी हमखास पूर्ण ५० लाख हरित दाखवतो. खरे तर निःशंक पात्र फक्त १२ लाख, म्हणजे २४ टक्के. संचाचे उत्पादन मोजतानाही गफलत होते. विक्रेत्याच्या पत्रकातला उन्हाळ्यातल्या दिवसाचा आकडा ३६५ ने गुणला जातो आणि कोकणचा पावसाळा हिशेबातून गळतो. किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर २८,००० युनिट होतात. जाळ्यातल्या विजेचे सरासरी उत्सर्जन युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे २० टन वाचतात.

बॉयलरचा निर्णय धुरावर अवलंबून आहे. टरफलातले तेल न काढता तसेच जाळले तर धूर झोंबरा आणि चिकट निघतो. तेल आधी काढून उरलेली पेंड जाळली, धूळ पकडणारे यंत्र बसवले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाची नोंद असली, तरच हे ८ लाख विचारात घेता येतात. संमतीपत्राबाबत नवशिका आणखी एका जागी चुकतो. २०२५ च्या सुधारणेआधी, २०१६ च्या वर्गवारीत प्रदूषण निर्देशांक २१ ते ४० असलेला उद्योग ‘हिरव्या’ प्रवर्गात येत असे. ‘हिरव्या’ प्रवर्गावरून एवढेच कळते की उद्योग कमी प्रदूषण करतो. भरीव हातभाराची अट त्याने पूर्ण होत नाही.

कोळंबी प्रकल्पात अडचण हानीच्या कसोटीवर येते. तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणारे, कमी वीज खाणारे एरेटर ऊर्जाबचतीत बसतील, पण तळे कुठे खणले आहे? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. जमीन खासगी असली तरी सूट नाही. म्हणून सात-बारा, सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा, जुनी उपग्रह चित्रे आणि तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी समोर ठेवल्याशिवाय एरेटरच्या बचतीचा हिशेब सुरूच करू नये. तळ्याचे पाणी खाडीत कसे सोडतात, हा लगेच विचारायचा पुढचा प्रश्न.

हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या कर्जांकडे प्रशिक्षणात फारच कमी लक्ष जाते. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर यांनंतर अशा खर्चाची मागणी दिसते: विजेचे पॅनल वरच्या मजल्यावर नेणे, जोते उंच करणे, छप्पर घट्ट बांधणे. आधी धोक्याचे मूल्यमापन, मग उपाय, हा क्रम चुकवता येत नाही, आणि मोजायचा तो फक्त उपायाचा खर्च. चिपळुणात जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करणाऱ्या कर्जाला जोते उंच आहे म्हणून या सदरात घेणे चूकच.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ७ मे २०२५ रोजी भारताच्या हवामान वित्त वर्गीकरणाचा मसुदा मांडला. त्यात हवामानाला साह्यकारी कृती एका गटात आणि पोलाद, सिमेंटसारख्या अवघड उद्योगांच्या संक्रमणाच्या कृती दुसऱ्या गटात आहेत. मोजता येणारे निकष जसे ठरतील, तशी लहान उद्योगांकडूनही नोंदी मागितल्या जातील. काजू कारखानदाराकडे त्या आजही मिळू शकतात: इन्व्हर्टरचे मासिक उत्पादन, वीजबिल, जाळलेल्या पेंडीचे वजन. कर्ज वाटल्यानंतर दरवर्षी या तीन नोंदी फाइलला लावण्याची सवय शाखेला असेल, तर पडताळणी करणाऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.