अ‍ॅव्होकाडो : स्वयंपाकासाठीची पूर्वतयारी

फळ धुणे, चिरून बी काढणे, गर सालीपासून सोडवणे आणि तो काळा पडू न देणे, एवढी ही तयारी. हात बसला की दोन मिनिटांचे काम. मात्र फळ कच्चे निघाले तर सुरीचे कौशल्य वाया जाते. म्हणून खरी सुरुवात फळ पारखण्यापासून होते.

अ‍ॅव्होकाडो (पर्सिया अमेरिकाना) हा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला, दालचिनीच्या कुळातला वृक्ष. त्याचे फळ झाडावर मऊ होत नाही. तोडल्यानंतर काही दिवसांनी पिकते. घाई असल्यास ते केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवतात. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पिकण्याला वेग येतो. फ्रिजमध्ये तेच मंदावते, त्यामुळे कच्चे फळ बाहेर आणि पिकलेले आत, हे बरे.

रंगावर विसंबू नये. ‘हास’ जातीची साल पिकताना काळपट जांभळी होते, ‘फुएर्ते’ची मात्र हिरवीच राहते. फळ तळहातात धरून अलगद दाबावे. किंचित दबले तर तयार. बोटाच्या टोकाने चाचपल्यास आत डाग पडतात.

साल टाकायची असली तरी फळ आधी धुवावे, कारण सुरीबरोबर सालीवरचे जंतू गरात उतरतात. मग ते फळीवर ठेवून उभी चीर द्यावी. सुरी बीला टेकली की फळ तिच्याभोवती फिरवत चीर पूर्ण करावी आणि दोन्ही भाग उलटसुलट पिळून वेगळे करावेत. हातात धरलेल्या फळाच्या बीत सुरीचे पाते मारून ती उपटण्याची पद्धत दिसायला झोकदार आहे, पण पाते निसटून तळहात कापण्याचे प्रकार इतके होतात की या जखमेला ‘अ‍ॅव्होकाडो हँड’ असे नावच पडले आहे. साधा चमचा बीखाली सरकवला तरी ती निघते.

गर चमच्याने कोरता येतो. पण पिकलेल्या फळाच्या चार फाका करून टोकाकडून साल ओढली तर ती बहुधा पापुद्र्यासारखी सुटते आणि सालीलगतचा गडद हिरवा थर वाचतो. कॅरोटिनॉइड्स (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) त्याच थरात सर्वाधिक असतात.

हवा लागताच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) गर तपकिरी होतो. लिंबाचा रस त्याला आवर घालतो. प्लास्टिकची पातळ फिल्म गराला चिकटवून लावली तर हवाच पोचत नाही. बी आत ठेवल्याने तिच्याखालचा भाग तेवढा वाचतो, बाकीचा नाही. फळ पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती टाळावी : सालीवरचे जंतू पाण्यात वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला होता.

फार वेळ शिजवल्यास गर कडवट होतो. गरम पदार्थात तो आच बंद केल्यावरच मिसळतात.